डोळ्यांची आखणी: चित्रं काढायच्या नादाचं काम कसं झालं

शाडूची_माती

मी पेणची. आमच्याकडे ज्याच्या घरी गणपतीचा कारखाना नाही, त्याच्या शेजाऱ्याकडे तरी असतोच. आमच्यात तो मामाचा होता. वडील एसटीत, आई शिवणकाम करायची, त्यामुळे शाळा सुटली की दप्तर आजीच्या ओटीवर टाकायचं आणि थेट कारखान्यात. साच्यातून मूर्ती काढायची, जोड द्यायचे, पॉलिश पेपर मारायचा, पांढरा हात द्यायचा, मग अंगाचा रंग, मग पितांबर, मग सोनेरी. ही कामं आळीतल्या बायका-पुरुष वाटून घेत. डोळ्यांची आखणी मात्र मामा एकटा करायचा, तीही रात्री, कारखान्यात सामसूम झाल्यावर.

चौदाव्या वर्षी त्याने मला पहिल्यांदा शेजारी बसवलं. हातात ब्रश दिला नाही. ब्रशचे केस कापून कापून त्याने चार-पाचच ठेवलेले असत. पाटावर मूर्ती, डाव्या हाताच्या मुठीवर उजवं मनगट टेकवलेलं, आणि वरच्या पापणीची रेघ आतल्या कोपऱ्यातून बाहेर एका दमात. मध्ये श्वास घ्यायचा नाही, कारण श्वास घेतला की रेघेला पोट येतं. मग खालची पापणी, मग बुबुळ, आणि सगळ्यात शेवटी पांढरा ठिपका. ठिपका दिला की मामा ब्रश खाली ठेवायचा आणि जमिनीवर मांडी घालून मूर्तीसमोर बसायचा. घरात आरतीनंतर माणूस जिथे बसतो, तिथून. नजर डोक्यावरून गेली तर म्हणायचा, "देव बघत नाहीये." रंग ओला असतानाच ओल्या फडक्याने पुसायचा आणि पुन्हा.

पूर्ण एक हंगाम मी नुसती बघत होते. दुसऱ्या वर्षी फुटक्या मूर्ती मिळाल्या. तिसऱ्या वर्षी लहान मूर्तींची आखणी माझ्याकडे आली, एका मूर्तीमागे दोन रुपये. चित्र काढून मिळालेले माझे पहिले पैसे ते. त्या पैशातून मी कॅमलच्या ट्यूब घेतल्या होत्या. त्यातली निळी कधी संपली तेही मला आठवतं.

शाळेत वर्गातल्या निम्म्या पोरांची जीवशास्त्राची जर्नल मी काढून द्यायचे. शासकीय रेखाकला परीक्षा दिल्या, आठवीत एलिमेंटरी, नववीत इंटरमिजिएट, दोन्हीला ए. बारावीनंतर घरात डीएडचं ठरत होतं. आमच्या ड्रॉइंगच्या बाई एका संध्याकाळी घरी आल्या, चहा घेतला आणि वडिलांना म्हणाल्या, "हिला मास्तरीण करायचं तर करा, पण आधी हिला शिकू द्या." वडील काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी फॉर्मचे पैसे टेबलावर ठेवलेले होते.

1999 साली मुंबईला आले. दादरला मावशीकडे राहून फाउंडेशनचं एक वर्ष आणि अप्लाइड आर्टची (जाहिरात, छपाई यांसाठीच्या चित्रकलेची) चार केली. वर्गातली मुलं युरोपातल्या चित्रकारांची नावं घ्यायची तेव्हा मी गप्प असायचे. पण लाइफ ड्रॉइंगच्या तासाला सर मागे उभे राहिले आणि विचारलं, "ही रेघ कुठे शिकलीस?" कारखान्यात म्हटल्यावर त्यांनी सगळ्या वर्गाला माझ्या बोर्डाजवळ बोलावलं. तोपर्यंत मी कारखान्याचं नाव कॉलेजात कोणापुढे काढलं नव्हतं.

पुढे नऊ वर्षं जाहिरातींसाठी स्टोरीबोर्ड, म्हणजे चित्रीकरणाआधी एकेक दृश्य चौकटीत काढून दाखवायचं. रात्री आठला ब्रीफ, सकाळी दहाला चाळीस फ्रेम. हात भयंकर चालायला लागला आणि पगारही बरा होता. पण त्यातली शेवटची तीन वर्षं मी स्वतःसाठी एक रेघ काढली नाही. स्केचबुक होतं, त्याची पानं पिवळी पडली.

2012 च्या गणपतीआधी मामाचा हात थरथरायला लागला. मी रजा टाकून गेले आणि सहा रात्रींत दोनशेच्या वर मूर्तींची आखणी केली. शेवटच्या रात्री पहाटे मी जमिनीवर बसून एकेकीची नजर तपासत होते, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की नोकरीच्या इतक्या वर्षांत मी काढलेल्या एकाही चित्रासमोर मी अशी बसले नव्हते.

पुढच्या वर्षी नोकरी सोडली. पहिलं लहान मुलांचं पुस्तक चोवीस पानांचं होतं, बारा हजार रुपये मिळाले, चार महिने लागले. आता त्यालाही बारा वर्षं झाली. घर चित्रांवर चालतं: पुस्तकं, मासिकं, दिवाळी अंकांची कामं, अधूनमधून भिंतीवरची चित्रं.

हे सगळं लिहायचं कारण असं की मला लोक कायम विचारतात, "तुमच्यात उपजतच असणार ना?" मला नाही वाटत. माझा हात ज्या कामांत तयार झाला त्यांना कोणी कला म्हणत नव्हतं. आखणी, जर्नल, स्टोरीबोर्ड. तुमच्यापैकी जे काढतात, त्यांचा हात कुठे घडला? आणि पोटापाण्याचं गणित कसं बसवलंत, तेही लिहा. त्याबद्दल आपल्याकडे कोणी उघड बोलत नाही.

—

कोकणकडा

काय सुंदर लिहिलंय ताई. मूर्तीसमोर जमिनीवर बसून नजर बघणं वाचताना अंगावर काटा आला. वाचनखूण साठवली.

—

खडू_फळा

मी निवृत्त कलाशिक्षक आहे, पस्तीस वर्षं सातारा जिल्ह्यात काढली. बाई चहा घ्यायला घरी गेल्या हे वाचून फार बरं वाटलं. आम्ही सगळेच कधी ना कधी असा चहा प्यायलो आहोत. दहातल्या सात घरांतून नकार घेऊन परत यायचं.

शासकीय रेखाकला परीक्षेला पालक हल्ली फक्त गुणांसाठी बसवतात. इंटरमिजिएटला ए श्रेणी मिळाली की दहावीला 7 गुण जास्तीचे, बीला 5, सीला 3. त्यात वाईट काही नाही, पण त्या परीक्षेत खरं काय आहे ते बघा. वस्तुचित्र म्हणजे समोर आहे तेच काढणं. स्मरणचित्र म्हणजे समोर नाही ते आठवून काढणं. संकल्पचित्र म्हणजे जागा भरणं आणि जागा सोडणं. बारावीनंतर बीएफएसाठी (कलेच्या पदवीसाठी) राज्याची सीईटी देतात, तिच्या प्रात्यक्षिकातही हेच तीन विषय पुन्हा समोर येतात. म्हणजे आठवीतल्या पोराने वस्तुचित्र मन लावून केलं, तर त्याची कॉलेजची तयारी तेव्हाच सुरू झालेली असते.

माझ्या वर्गातली जी मुलं पुढे चित्रकार झाली, ती सगळ्यात चांगली काढणारी होतीच असं नाही. चित्र बिघडलं तरी कागद न फाडणारी होती.

—

बोर्डवाल्याचा_मुलगा

मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

माझे वडील साइनबोर्ड पेंटर. आमच्या तालुक्यातली अर्धी दुकानं त्यांच्या अक्षरात होती. दोरी खडूच्या भुकटीत बुडवून भिंतीवर ताणायची आणि टणकारायची, की शिरोरेघेची पांढरी ओळ उमटते. मग ऑइल पेंट, हाताखाली काठी, आणि 'श्री' काढताना कधीही घाई नाही. त्यांनाही नाद होता. रात्री जेवल्यावर पाटीवर अक्षरं घोटत बसायचे.

फ्लेक्स आला आणि दोन-तीन वर्षांत सगळं संपलं. जे काम करायला त्यांना दोन दिवस लागायचे ते मशीन अर्ध्या तासात काढायचं, तेही स्वस्त. शेवटी ते वॉचमन झाले. म्हणून हात कितीही घडलेला असो, बाजार उठला की काय? हा प्रश्नही धाग्यात असावा असं मला वाटतं.

—

शाडूची_माती

दादा, राग कसला. हे लिहिलंत ते फार बरं केलंत. यावर माझ्याकडे गोड उत्तर नाही. हात एका ठिकाणी घडतो आणि पैसे दुसऱ्याच ठिकाणी मिळतात, आणि मधला रस्ता सगळ्यांना सापडत नाही. मला तो कॉलेजमुळे सापडला. तुमच्या वडिलांना तिथवर नेणारं कोणी भेटलं नाही. त्यात त्यांच्या हाताचा दोष नव्हता.

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर कुठल्याच कला महाविद्यालयात गेले नव्हते. भावाबरोबर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता ते सिनेमाकडे वळले, स्वतःचा कॅमेरा बनवला, 1920 मध्ये 'सैरंध्री' काढला. पंढरपूरला जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवायचे. आपण ही नावं अभिमानाने सांगतो, पण त्याच शिड्यांवर त्यांच्या शेजारी उभे राहून रंगवणाऱ्या इतरांची नावं आपल्याला माहीत नाहीत. तुमच्या वडिलांच्या अक्षरांचे फोटो आहेत का? असतील तर इथे टाका.

—

बोर्डवाल्याचा_मुलगा

एक किराणा दुकान अजून आहे, त्यांनी पाटी बदललेली नाही. रविवारी गावी जाणार आहे, फोटो आणतो.

—

रेघोट्या

मी शाळेत कधी ए आणली नाही. पण वह्यांचे समास भरलेले असायचे. सव्वीसाव्या वर्षी, बँकेत नोकरी लागल्यावर, रोज लोकलमध्ये समोरच्या माणसाचं स्केच काढायला लागलो. बॉलपेन आणि पॉकेट डायरी. पेन मुद्दाम घेतलं, म्हणजे खोडायची सोयच नाही. माणूस पुढच्या स्टेशनला उतरणार असतो, त्यामुळे मान आणि खांदे आधी पकडायचे, नाक-डोळे राहिले तर राहिले.

मला बळ मिळालं ते व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांच्या डायऱ्यांवरून. लहानपणी घराच्या भिंती रंगवत म्हणून आईने त्यांना कोरी वही आणून दिली, आणि पुढे ते रोजचं जगणं चित्रांत नोंदवत राहिले. चित्रकलेचं रीतसर शिक्षण त्यांचं झालेलं नव्हतं. गोव्यातल्या लोटलीतली लग्नं, पाद्री, बाजार, कुत्री, सगळं आधी त्या वह्यांत आलं आणि नंतर छापलं गेलं.

मी अजून बँकेतच आहे. वर्षाला तीन-चार चित्रं विकली जातात, एखाद्या मासिकात चार रेखाटनं येतात. याला करिअर म्हणायचं का, ठाऊक नाही, पण सकाळची ७.४२ मला कधी कंटाळवाणी झाली नाही.

—

टोरांटोत_पुणेकर

शाळेत असताना पुण्यात टिळक रोडवरून जाताना अभिनव कला महाविद्यालयाच्या दारापाशी बोर्ड घेऊन उभी असलेली मुलं दिसायची. मी इंजिनिअरिंगला गेलो. आता वय 38, कॅनडात सॉफ्टवेअर. गेल्या हिवाळ्यात मुलीचा रंगपेटीचा डबा घेऊन बसलो तो उठलोच नाही. आता उशीर झालाय का, हे प्रामाणिकपणे सांगा. नोकरी सोडायची नाहीये.

—

शाडूची_माती

उशीर झालेला नाही. नोकरी न सोडता करताय म्हणजे हात शिकत असताना चित्रावर घरभाड्याचं ओझं नाही. मी सोडली तेव्हा माझ्याकडे चौदा महिन्यांचा खर्च बाजूला होता, तरी अकराव्या महिन्यात झोप उडाली होती.

एकच सांगते, आयपॅड लगेच घेऊ नका. तिथे रेघ चुकली की दोन बोटं टेकवून मागे जाता येतं. मीही आता छपाईची बरीच कामं टॅबवरच करते, पण कागदावर चुकलेली रेघ तशीच राहते आणि पुढची रेघ तिला सांभाळून घ्यायला शिकते. कार्ट्रिज पेपर (चित्रकलेचा जाड कागद), एक 2बी आणि एक 6बी पेन्सिल. सहा महिने एवढंच.

—

वकीलवाडी

पैशांबद्दल उघड बोला असं तुम्हीच म्हणालात, म्हणून लिहितो. चित्रकारांकडून एक चूक वारंवार होते: काम फोनवर ठरतं आणि लेखी काहीच नसतं.

1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतंत्रपणे काम करणाऱ्या चित्रकाराचा त्याच्या चित्रावरचा हक्क सहसा त्याच्याकडेच असतो. तुम्ही नोकरीत असाल आणि नोकरीचा भाग म्हणून काढलं असेल, तर तो मालकाचा. एक अपवाद बऱ्याच जणांना माहीत नसतो: पैसे देऊन कोणी रंगचित्र (पेंटिंग) किंवा व्यक्तिचित्र काढून घेतलं, तर वेगळा करार नसल्यास त्याचा पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच देता येतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं हा हक्क टिकतो.

"सर्व हक्क कायमचे" अशी ओळ दिसली की सही करण्याआधी थांबा. पुस्तकापुरते हक्क पुस्तकाच्या किमतीत द्या. पिशव्या, कप, कॅलेंडर यांचे वेगळे.

—

शाडूची_माती

वकीलसाहेब, हे मी दहा वर्षांपूर्वी वाचलं असतं तर! माझ्या तिसऱ्या पुस्तकातली शेळी एका प्रकाशकाने कॅलेंडरवर वापरली, मग कापडी पिशव्यांवर. मला कळलं ते कसं, तर भाचीने बाजारातून ती पिशवी आणली. "मावशी, तुझी शेळी!" म्हणून ती आनंदाने नाचत होती आणि मी पिशवीकडे बघत बसले. माझ्याकडे ना पत्र, ना मेल, फक्त फोनवर झालेलं बोलणं. नाव घेत नाही, नंतर बोलून मिटलं. पण त्या शेळीसाठी मी दोन दिवस धनगरवाड्यावर बसले होते. शेळीच्या डोळ्यातली बाहुली आडवी असते, ती नीट दिसावी म्हणून किती कागद घालवले.

तेव्हापासून काम कितीही छोटं असो, एक पानाचं पत्र करते. किती चित्रं, कुठे वापरणार, किती वर्षं, किती वेळा दुरुस्ती. अर्धे पैसे आधी. दुरुस्त्या दोन वेळा पैशांत बसतात, तिसऱ्या वेळी वेगळे पैसे. पहिल्या वर्षी हे लिहिताना हात थरथरायचा. आणि पैसे देताना 10 टक्के टीडीएस कापतात तेव्हा नवखी मुलं घाबरतात. रिटर्न भरा. कर तेवढा बसत नसेल तर पैसे परत येतात.

—

सिंहगड_पायथा

एआय आल्यावर तुमच्या कामावर काय परिणाम झाला? माझी बहीण अप्लाइडच्या शेवटच्या वर्षाला आहे, फार घाबरली आहे.

—

शाडूची_माती

झाला आहे. छोटी मुखपृष्ठं, सोशल मीडियावरची सणांची चित्रं, ही कामं माझ्याकडे पूर्वी दर महिन्याला यायची, ती जवळजवळ थांबली. नवीन मुलांचा हात अशाच कामांवर बसायचा, म्हणून मला त्यांची जास्त काळजी वाटते. वर दादांनी फ्लेक्सबद्दल लिहिलं ते वाचताना माझ्याही मनात हेच होतं.

राहिलंय ते काम ज्यात चोवीस पानं मुलगी तीच राहावी लागते, तिचा फ्रॉक, तिची दात पडल्यानंतरची हसू लपवायची सवय. बहिणीला सांगा, पोर्टफोलिओमध्ये सुटी चित्रं कमी आणि सलग गोष्ट जास्त ठेव. आणि छपाई शिकून घे. पुस्तकाची पानं फर्म्याच्या (एका मोठ्या कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या) हिशेबात का असतात, दोन पानांच्या मधल्या घडीत चेहरा का येऊ द्यायचा नाही, पडद्यावरचा निळा कागदावर जांभळट का होतो. हे मी प्रेसमध्ये मशीनजवळ उभी राहून शिकले. संपादकाला असा चित्रकार लागतो ज्याच्यामुळे प्रेसमधून रात्री फोन येत नाही.

—

सावंतवाडीची_लेक

पेणबद्दल वाचलं आणि आमच्या गावाबद्दल लिहावंसं वाटलं. चित्रकार हळदणकर मूळचे सावंतवाडीचे. हातात दिवा घेतलेली बाई, बोटांतून पाझरणारा उजेड, ते चित्र बहुतेकांनी कुठल्या ना कुठल्या कॅलेंडरवर पाहिलेलं असतं. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. अनेकजण ते राजा रविवर्म्याचं समजतात आणि तैलरंगात असेल असं धरून चालतात. ते जलरंगात आहे, आणि दिवा धरून उभी आहे ती त्यांची मुलगी गीता.

मी बीएफए करताना जलरंगात तळहाताचा उजेड करायचा प्रयत्न केला तेव्हा समजलं. पांढरा रंग लावायचा नाही, कागदच सोडायचा. एकदा त्यावर रंग गेला की तो उजेड परत येत नाही. हळदणकरांनी ते चित्र केलं तेव्हा वय साठीच्या पुढे होतं. टोरांटोवाल्या दादांनी हे वाचावं.

—

टोरांटोत_पुणेकर

वाचलं. कार्ट्रिज पेपरची वही मागवली आहे.

—

आठवी_अ_ची_आई

खडू_फळा सर, एक विचारू का? मुलगी आठवीत आहे, यंदा एलिमेंटरीला बसवलंय. कार्टून छान काढते, पण समोर वस्तू ठेवली की रडकुंडीला येते. काल तुमचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला आणि ओट्यावरची लोणच्याची बरणी नि दोन लिंबं समोर ठेवली. तासभर बसली. कागद फाडला नाही. फोटो जोडते आहे. काही सांगाल का तिला?

—

खडू_फळा

फोटो मोठा करून पाहिला. लिंबं उत्तम. डाव्या लिंबाची सावली बरणीवर पडली आहे हे तिने पाहिलं आणि काढलं, मोठमोठ्यांच्या नजरेतून हे निसटतं. तिला सांगा सरांनी शाबासकी दिली.

बरणीत एक गोष्ट राहिली. तोंडाची कड तिने वाटोळी काढली आहे, ती बरोबर. पण तळ सरळ रेघेने काढलाय, कारण बरणी ओट्यावर सपाट बसते हे तिला ठाऊक आहे. ठाऊक आहे ते काढायचं नाही, दिसतं ते काढायचं. तळही वाटोळाच दिसतो, आणि तोंडापेक्षा जास्त वाटोळा, कारण तो डोळ्याच्या पातळीपासून आणखी खाली आहे. एक वाटी पाण्याने भरा आणि तिच्या डोळ्यांसमोर धरा, मग हळूहळू खाली न्या. पाण्याचा काठ आधी नुसती रेघ दिसेल, मग उघडत उघडत गोल होईल. तेवढं दाखवा, बाकी ती स्वतः करेल. जुना कागद जपून ठेवा, नवा त्याच्या शेजारी लावा.

—

आठवी_अ_ची_आई

वाटी दाखवली सर. तीन वेळा वर-खाली करायला लावली तिने. आता पुन्हा बसली आहे, जेवायला यायचं नाव नाही.